तुरा आमच्या उसाला, अभ्यास परदेशी तणाचा?

हिरण्यकेशीकाठ
पुतणी एमएस्सी बॉटनीला आहे. परवा संकेश्वरला आली तेव्हा विचारलं, प्रोजेक्ट कशावर? म्हणे अरॅबिडॉप्सिस. मोबाइलवर फोटो दाखवला. मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंच, जमिनीला चिकटलेली पानं, बारीक पांढरी फुलं. आमच्या रानात उगवलं असतं तर पहिल्या भांगलणीतच गेलं असतं! खायला नाही, वैरणीला नाही, तेलाला नाही. आणि ते इथं उगवतही नाही, बंद खोलीत दिवे लावून वाढवायचं.

इकडं ह्या वर्षी माझ्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकाला, तुरा आला, ऊसतोडीची टोळी महिनाभर उशिरा आली, तोवर कांड्या पोकळ. वजनात मार खाल्ला. तुरा का येतो विचारलं तर सगळे हवामानाकडं बोट दाखवतात. ऊस, तंबाखू, सोयाबीन, बेळगावची बासमती एवढं सगळं दारात असताना पोरांनी हे तण का कुरवाळत बसायचं? मला हे पटत नाही.

फळा_आणि_खडू
अण्णा, तुऱ्याचाच धागा त्या तणात सापडला आहे. मी कॉलेजात हेच शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुरा म्हणजे उसाचं फूलच. दिवस लहान होतोय की मोठा, हे पान ओळखतं. फूल मात्र शेंड्याला येतं. मग पानाचा निरोप शेंड्यापर्यंत नेतो कोण? रशियातल्या चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच ह्या निरोप्याला फ्लोरिजेन असं नाव देऊन ठेवलं होतं, पण पुढं सत्तर वर्षं तो कुणाच्या हाती लागला नाही. अखेर ह्या तणात एफटी नावाचं जनुक मिळालं. त्याचं प्रथिन पानात तयार होतं आणि अन्नरस नेणाऱ्या नळ्यांतून शेंड्याला पोचतं. २००७ साली हे दाखवलं गेलं, आणि त्याच वर्षी भातातही तसंच दिसलं. भातातल्या भावंडाचं नाव एचडी३ए.

उसातच का नाही शोधलं? उसाची गुणसूत्रं शंभरावर, एकेका जनुकाच्या आठ-दहा प्रती. एक बिघडवली तरी बाकीच्या काम सांभाळतात, तुम्हाला फरकच दिसणार नाही. तणाची गुणसूत्रं पाच जोड्या. बी टाकल्यापासून बी धरेपर्यंत सहा आठवडे. स्वतःच्याच परागावर बी धरतं, म्हणून वाण शुद्ध राहतो. नवं जनुक घालायचं तर ते वाहून नेणारे जिवाणू कालवलेल्या साखरपाण्यात फुलोरा बुडवायचा, बस्स. ही युक्ती १९९८ ची. २००० साली पूर्ण जनुकसंच वाचलेली पहिली वनस्पती हीच.

निपाणीचा_धूर
सर, एक दुरुस्ती. दिवसाच्या लांबीवर फूल ठरतं हे जगाला पटवलं ते तंबाखूनं! मेरीलँड मॅमथ नावाचा वाण उन्हाळ्यात नुसता उंच वाढत सुटायचा, फुलायचा मात्र हिवाळ्यात काचघरात. त्यावरून गार्नर आणि अ‍ॅलार्डनी १९२० साली ही गोष्ट मांडली. आम्ही निपाणीकर फूल दिसलं की शेंडा खुडून मोकळे होतो, शास्त्र वगैरे नंतर.

मलप्रभेची_लेक
मी खानापूरची. घरी भात आणि भुईमूग. सर छान समजावतात, पण सोयीचं तेवढंच सांगतात.

तणात दिवस मोठा झाला की कॉन्स्टन्स नावाचं जनुक फुलायला लावतं. भातातलं त्याचंच भावंड एचडी१ मोठ्या दिवसात फुलणं अडवतं. अगदी उलट! तणाचं वाचून भातावर बोललं असतं तर तोंडघशीच पडलो असतो की.

आणि सुवास? बासमतीसारख्या बहुतेक वासाच्या तांदळांत बीएडीएच२ जनुक मोडलेलं असतं, ते मोडल्यामुळंच वास येतो. हे २००५ साली भातातच कळलं. २०१९ च्या पुरात भात किती दिवस बुडून होतं आठवतंय ना? पाण्याखाली तग धरायचं जनुक सब१ए, तेही ओडिशाच्या एका जुन्या वाणात मिळालं. आता भुईमूग, सोयाबीन. त्यांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी ह्या तणाला येतच नाहीत, मुळांत राहणारी उपयोगी बुरशीही त्याच्याशी सोयरीक करत नाही. उसाची उन्हातून साखर करायची रीतही वेगळी, सी४. मग आमच्या निम्म्या शिवाराबद्दल हे तण मुकंच, नाही का?

फळा_आणि_खडू
गाठींचं आणि सी४ चं मान्य, अक्का. त्यासाठी दुसरी रोपं धरतात, गाठींना मेडिकागो हे लसूणघासाचं भावंड, सी४ ला सेटारिया हे राळ्याच्या जातीचं गवत. पण एचडी१ उलट वागतं हे उमगायला आधी सुलट काय ते माहीत लागतं, ते तणानं दिलं. सब१ए इथिलीनच्या, म्हणजे झाड स्वतःच सोडतं त्या वायूच्या, इशाऱ्यावर चालतं. इथिलीन ओळखणारं जनुक १९९३ साली कशात सापडलं? ह्याच तणात. आणि अण्णा, केळी पिकवायला वापरतात ते इथेफॉन झाडात इथिलीनच सोडतं. ब्राझीलमध्ये उसाचा तुरा रोखायला त्याचीच फवारणी करतात.

मलप्रभेची_लेक
इथेफॉन तणाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, सर. त्याचं श्रेय तणाला नको.

फळा_आणि_खडू
नाही देत. ते *कसं* काम करतं, एवढंच तणाकडून कळलं.

हिरण्यकेशीकाठ
एवढं सगळं कुणी शेतकऱ्याला मराठीत सांगितलंय का कधी? पुतणीला विचारलं तर ती इंग्रजीत अडकते, बी-बियाणांच्या दुकानातला कन्नडमध्ये सांगतो, आणि दोघांकडून मला अर्धंच कळतं. तण शिका, माझी हरकत मागं घेतो, पण अर्धीच. प्रोजेक्टच्या शेवटी दोन पानं उसावर लिहायची सक्ती करा. फवारणी कधी घ्यायची ते तरी सांगा सर.

फळा_आणि_खडू
तुरा दिसल्यावर उपयोग नाही. शेंड्याच्या आत फुलाची तयारी आधीच झालेली असते, फवारणी त्याच्याही आधी हवी. आता एवढंच, तुरा आलेला फड आधी तोडायला लावा.

निपाणीचा_धूर
टोळी ऐकते होय? अण्णा, खोडवा कितवा होता?

हिरण्यकेशीकाठ
तिसरा.

निपाणीचा_धूर
तिसऱ्या खोडव्याला वजन घटतंच. मग तुऱ्यालाच कशाला बोल लावताय!