दिल्लीतील महाराष्ट्र दालन : उद्योगांच्या पैशातून उभारावे काय?

पूर्वरंग (या ऑनलाइन चर्चेचा धागाकर्ता)

फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमवर 98वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याआधीचे दिल्लीतील संमेलन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली 1954 मध्ये झाले होते. एरवी राजधानीत महाराष्ट्र दिसतो तो कोठे? कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदन ही मुख्यतः निवासाची सोय आहे. बाबा खडकसिंग मार्गावर इतर राज्यांच्या एम्पोरियमांच्या रांगेत आपले परिचय केंद्र आणि विक्री केंद्र आहे, आणि दिल्ली हाटमध्ये खाद्यपदार्थ मिळतात. पैठणी हातमागावर कशी विणली जाते, दशावतार कसा रंगतो किंवा सत्यशोधक चळवळ म्हणजे काय, हे एखाद्या बिहारी वा मणिपुरी विद्यार्थ्याला बारमाही पाहता येईल, अशी जागा यांपैकी एकही नाही.

इतर राज्ये या बाबतीत पुढे गेली आहेत. दिल्लीकर ज्या बिकानेर हाऊसला जयपूरच्या बस सुटण्याचे ठिकाण म्हणून ओळखत, त्याचे राजस्थानने 2015 मध्ये कलाकेंद्र केले. केरळने दिल्लीतीलच त्रावणकोर पॅलेसची डागडुजी करून तेथे सांस्कृतिक उपक्रम सुरू केले.

माझा प्रस्ताव असा की जागा राज्य शासनाने द्यावी, बांधकाम आणि मांडणी उद्योगसमूहांच्या देणग्यांतून व्हावी आणि कारभार स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असावा. शासनानेच सर्व करावे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या गावची सरकारी संग्रहालये एकदा पाहून यावीत. दिवे बंद, पाट्या पुसलेल्या आणि अभिरक्षकाचे पद रिक्त. याउलट मुंबईतील एनसीपीए हे प्रयोगकलांचे केंद्र टाटांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि आजही ते भारतातील अव्वल कलासंस्थांपैकी एक आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था यांच्यात 2003 मध्ये त्रिपक्षीय करार झाला. जीर्णोद्धारानंतर 2008 मध्ये ते पुन्हा उघडले आणि मरगळलेल्या वास्तूचा कायापालट झाला. तोच नमुना दिल्लीत का चालू नये?

खतावणी

प्रस्तावामागील कळकळ मान्य असली तरी पैशाची बाजू कच्ची आहे. उद्योगांचा पैसा म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि सातव्या परिशिष्टात वारसा, कला व पारंपरिक हस्तकला यांचा समावेश आहे, हे खरे. मात्र त्याच कायद्यानुसार कंपनीने आपले कामकाज जेथे चालते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायचे असते. चाकणच्या कारखान्याने चाकण सोडून दिल्लीत पैसा का लावला, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत निघणारच.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. नियमांनुसार बहुवर्षीय प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, आणि 2021 पासून एखाद्या संस्थेच्या कायमनिधीत (मुद्दल राखून व्याज वापरण्याच्या निधीत) दिलेली देणगी सीएसआर खर्चात धरली जात नाही. याचा अर्थ असा की इमारत बांधता येईल, उद्घाटन होईल, छायाचित्रे छापून येतील. परंतु दहाव्या वर्षी अभिरक्षकाचा पगार, वातानुकूलनाचे वीजबिल आणि जुन्या वस्त्रांची कसर-वाळवीपासून राखण यांसाठी लागणारा पैसा व्याजातून यावा, अशी तरतूद या मार्गाने करता येत नाही. ज्या सरकारी संग्रहालयांची दैना आपण वर्णन केली, तेथेही इमारती उभ्या आहेतच. आटला आहे तो चालू खर्च.

करोलबागवासी

मी तीन दशके दिल्लीत राहतो, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. नवे महाराष्ट्र सदन 2013 मध्ये खुले झाले, तेही शासनाने थेट पैसे मोजून बांधलेले नव्हते. अंधेरीतील परिवहन कार्यालयाच्या भूखंडावरील विकासहक्कांच्या मोबदल्यात विकसकाने ते बांधून दिले. पुढे त्या व्यवहारावर आरोप झाले, खटले दाखल झाले आणि 2021 मध्ये विशेष न्यायालयाने व्यवहाराच्या वेळच्या संबंधित मंत्र्यांना आरोपमुक्त केले. न्यायालयाचा निकाल शिरोधार्य. पण ‘शासनाच्या खिशाला तोशीस न लागता’ हे शब्द कानी पडले की मोबदल्यात कोठे काय दिले जाणार आहे, हे आधी विचारण्याची सवय आम्हाला लागली आहे.

दुसरे असे की दिल्लीत मराठी माणसाचे स्वतःचे काहीच नाही, असा सूर या प्रस्तावातून निघतो. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे, गणेशोत्सव मंडळे आहेत. या संस्था वर्गणीवर चालतात. त्यांच्या नाट्यप्रयोगांना आणि ग्रंथालयांना कोणी उद्योगपती हात देत नाही, कारण तेथे कोनशिलेवर नाव कोरले जात नाही.

झाडीचा माणूस

दालनात ठेवणार काय, याबद्दल अद्याप कोणी बोललेले नाही. मी गडचिरोलीचा. आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम धान कापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर सुरू होतो आणि देसाईगंज म्हणजे वडसा येथून मंडळ्या गावोगाव जाऊन रात्रभर प्रयोग करतात. दिल्लीचा सांस्कृतिक मोसमही नेमका हिवाळ्यातच असतो. कलावंताने वर्षाची कमाई बुडवून राजधानीत अर्ध्या तासाचा ‘नमुना’ दाखवायला यावे काय? त्याची बुडालेली बिदागी देणगीदार देणार असतील तर तसे लिहून द्यावे.

सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीचेही तसेच. तिच्या पोथीत एका आख्यानाची सुटी चित्रे असतात. ठाकर समाजातला कलावंत मांडी घालून बसतो, एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो. गाण्यातला प्रसंग पुढे सरकला की चित्र बदलते. त्यातले एक चित्र काढून काचेआड टांगले आणि खाली चार ओळींची पाटी लावली, तर पाहणाऱ्याला चित्र दिसेल, चित्रकथी दिसणार नाही. असल्या दालनासाठी वास्तुविशारदाला मोठे शुल्क मिळते आणि कलावंताला शाल-श्रीफळ, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पूर्वरंग

झाडीचा माणूस यांचा मुद्दा मी प्रस्तावाच्या बाजूनेच वाचतो. कलावंताला पूर्ण मानधन आणि प्रवास-निवासाचा खर्च देण्याची ऐपत शासकीय दरपत्रकात नसते. खासगी पैशात ती असू शकते. प्रयोग उन्हाळ्यात, बंदिस्त सभागृहातही ठेवता येतात.

खतावणी यांनी सीएसआरच्या मर्यादा अचूक सांगितल्या आहेत, परंतु खासगी पैसा म्हणजे केवळ सीएसआर नव्हे. उद्योजक घराण्यांचे धर्मादाय न्यास आहेत, परदेशस्थ मराठी माणसे आहेत, आणि व्यक्तिगत देणगी कायमनिधीत घेण्यास या नियमांची आडकाठी नाही. दिल्लीतच लोधी इस्टेटमधील इंडिया इंटरनॅशनल सेंटर अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने 1962 मध्ये उभे राहिले. त्यासाठी कोणी दिल्ली विकली नाही.

गिरणगाव

रॉकफेलरना दिल्लीत स्वतःचा इतिहास टांगायचा नव्हता. आपल्या देणगीदारांना तो टांगायचा असेल. महाराष्ट्राचे दालन म्हटले की त्यात किल्ले येतील, कारण जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यावर कोणाचे दुमत नाही. पैठणी, वारली आणि वारी येईल. पण 1982 चा गिरणी संप येईल काय? दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मुंबईचा नकाशा त्यानंतर बदलला. भजनी मंडळांपासून शाहिरी कलापथकांपर्यंत चाळींतून वाढलेली सारी संस्कृती त्या गिरण्यांच्या आधाराने जगत होती. आज त्याच जमिनींवर ज्यांचे मनोरे उभे आहेत, त्यांच्या देणगीतून उभारलेल्या भिंतीवर या संपाचे छायाचित्र लागेल, असे धागाकर्त्यांनी छातीठोकपणे सांगावे. कोणी ‘लावू नका’ असे म्हणणारही नाही. समिती आपणहून म्हणेल की विषय जरा बोजड आहे, त्याऐवजी लावणी ठेवू.

2018 मध्ये लाल किल्ल्याच्या देखभालीसाठी दालमिया समूहाशी पाच वर्षांसाठी 25 कोटींचा करार झाला, तेव्हा देशभर ओरड झाली. तेथे प्रश्न केवळ सोयीसुविधांचा होता. येथे तर काय सांगायचे, याचाच प्रश्न आहे.

पूर्वरंग

प्रश्न रास्त आहे, पण तो एकतर्फी लावू नये. सरकारी दालनात तो संप लागेल काय? कोणत्याही पक्षाच्या शासनाने 1982 वर दिल्लीत एक भिंत खर्ची घातली असती, असे मला वाटत नाही. सरकार बदलले की पाठ्यपुस्तकातले धडे बदलतात, तशी दालनेही बदलतील. देणगीदार अनेक असतील आणि कोणाही एकाचा वाटा दहा टक्क्यांवर जाणार नाही असे न्यासाच्या घटनेतच लिहिले, तर एकाच्या नाराजीने छायाचित्र उतरवावे लागणार नाही.

गिरणगाव

दहाही जण एकाच क्लबात जेवत असतील तर वाटा दहा टक्के असला काय आणि शंभर टक्के असला काय.

खतावणी

वाट्याच्या मर्यादेपेक्षा निवडीचा अधिकार कोणाकडे, हे अधिक महत्त्वाचे आहे. भायखळ्याचा दाखला आपणच दिलात, तर त्याचा नीट अर्थ लावू. तेथे वास्तू आणि संग्रह आधीपासून महापालिकेचे होते. खासगी पैसा आला तो असलेल्या गोष्टीच्या जीर्णोद्धारासाठी, आणि मालकी सार्वजनिकच राहिली. दिल्लीत संग्रहच नाही. तो विकत घेतला जाईल किंवा उसना आणला जाईल, आणि देणगीदाराच्या पैशाने घेतलेली पैठणी वा ताम्रपट उद्या न्यास विसर्जित झाल्यास कोणाकडे जाईल, हे आजच ठरवावे लागेल. संग्रहाची मालकी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, मांडणीचा निर्णय पगारी अभ्यासकांकडे आणि देणगीदारांकडे केवळ हिशेब पाहण्याचा हक्क, अशी घटना असेल तर माझा विरोध बराच सौम्य होईल. अशा अटींवर देणगी देणारे चार जण सापडतात काय, ते धागाकर्त्यांनी आधी चाचपून पाहावे.

करोलबागवासी

चाचपणी होईपर्यंत एक बिनखर्चिक उपाय सुचवतो. जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. त्याच रस्त्यावर कमानी सभागृह आहे, आणि त्रिवेणी कला संगम व श्रीराम सेंटर मंडी हाऊसच्या त्याच परिसरात आहेत. संध्याकाळी नाटक पाहायला आलेली अर्धी दिल्ली आपल्या फाटकावरून चालत जाते. तेथील एक दालन वर्षभरासाठी फिरत्या प्रदर्शनांना द्यावे, स्थानिक मंडळांना त्यात सामील करून घ्यावे आणि किती माणसे आत येतात ते मोजावे. त्याला उद्योगपती लागत नाही; राज्य शासनाच्या दिल्लीतील निवासी आयुक्तांची एक सही लागते.

पूर्वरंग

ती सही मिळवून दाखवा, पहिल्या प्रदर्शनाची वाहतूक माझ्याकडे लागली.