मदत हवी आहे: जॅक चार्लटन यांच्यावरचा माहितीपट कुठे बघता येईल?

नमस्कार मंडळी, ‘फाइंडिंग जॅक चार्लटन’ (२०२०) भारतात रीतसर कुठे बघायला मिळेल? सबटायटल्स असतील तर उत्तमच. चार्लटन म्हणजे १९६६चे विश्वविजेते इंग्लिश फुटबॉलपटू, पण मॅनेजर म्हणून त्यांना जीव लावला आयर्लंडने! १९८८च्या युरो स्पर्धेत त्यांच्या आयर्लंडने इंग्लंडलाच १-० हरवलं, १९९०च्या वर्ल्ड कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढे स्मृतिभ्रंशात बरंच पुसलं गेलं, तरी जुन्या चित्रीकरणात त्यांच्या आयर्लंड संघातला पॉल मॅकग्रा दिसताच त्यांनी ओळखलं म्हणे.

आमचे काका कोल्हापूरचे, जन्माचे फुटबॉलवेडे. हल्ली मुलांची नावं विसरतात, पण टीव्हीवर बॉल दिसला की उजवा पाय हलतो. अशा माणसाला जुन्या मॅचेस कुणी दाखवल्या आहेत का? एका वेळी किती दाखवाव्यात? बघून अस्वस्थ होत नाहीत ना? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.