मदत हवी आहे: टी-५५ रणगाड्याच्या मॉडेलचे सस्पेन्शन आर्म वॉशनंतर तडकले, दुरुस्ती, मॅट वार्निश आणि धुळीच्या रंगाबाबत मार्गदर्शन

नमस्कार.

मी साताऱ्यात राहतो आणि गेली चार वर्षे प्लास्टिकची लष्करी वाहनांची मॉडेल्स बनवतो. सध्या हातात १:३५ प्रमाणातला टी-५५ रणगाडा आहे. तो पूर्णत्वाला आलेला असतानाच एका आठवड्यात त्यात दोन बिघाड झाले आणि तिसऱ्या एका बाबतीत, म्हणजे धुळीच्या रंगात, माझी निवडच चुकली असल्याचे लक्षात आले. जे केले ते जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कोणालाही नेमका उपाय सांगता येणार नाही.

आधी हे मॉडेल कशाचे आहे ते सांगतो. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, १९७९ साली सैन्यात भरती झाले आणि पुढे टी-५५ चे चालक म्हणून त्यांनी बरीच वर्षे पंजाबात काढली. आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस सैन्यात असलेली गावे आहेत, अपशिंग्याच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच जोडला गेला आहे. पण या घरांतून ऐकू येतात त्या गोष्टी बहुधा पायदळाच्या असतात. रणगाड्याच्या गोष्टी मी फक्त तात्यांकडून ऐकल्या. भारताने १९७१ च्या युद्धात टी-५५ वापरले होते हे खरे, परंतु मला युद्धातला रणगाडा करायचा नाही. तात्यांनी चालवला तसा, हिवाळी सरावावरून संध्याकाळी परत आलेला, धुळीने माखलेला पण धडधाकट रणगाडा मला करायचा आहे. त्यामुळे गोळ्यांचे व्रण, जळाल्याच्या खुणा, गंजाचे लांब ओघळ यांतले काहीही त्यावर नाही, आणि जे काही दिसायचे आहे ते माती, डिझेल आणि माणसांच्या वावरामुळेच दिसायला हवे.

जोडणीत विशेष अडचण आली नाही. टी-५५ चा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला फिरता बुरूज, ओतीव पोलादाचा असतो आणि किटमध्ये तो फारच गुळगुळीत होता. ओतीव पृष्ठभाग प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहण्यासाठी मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन तिथल्या टरेटचे जवळून फोटो काढले. घरी आल्यावर पुट्टी द्रव सिमेंटमध्ये (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदात) पातळ करून ताठ केसांच्या जुन्या ब्रशने ठिपके देत बसवली आणि वाळल्यावर हलकासा पॉलिश पेपर फिरवला. तो पोत चांगला उतरला आहे. त्यावर करडा प्रायमर आणि एअरब्रशने ऑलिव्ह ग्रीनचे दोन पातळ हात दिले. इथपर्यंत सर्व ठीक होते.

अडचण पट्ट्यापासून, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळीपासून, सुरू झाली. टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके असतात, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असते, आणि वरच्या बाजूने परत येणारा पट्टा उचलून धरणारे छोटे रोलर या रणगाड्याला नसतातच. त्यामुळे पट्टा चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि मध्ये मध्ये झोळ घेतो. हा झोळ दिसला नाही तर टी-५५ हा टी-५५ वाटत नाही, असे माझे मत आहे. किटमधला पट्टा मऊ व्हिनाइलचा आणि अखंड होता आणि तो आपणहून खाली बसत नव्हता. म्हणून मी डाव्या बाजूला चाकांच्या वर हलच्या (रणगाड्याच्या खालच्या धडाच्या) भिंतीत बारीक पिना रोवून पट्टा खाली दाबून धरला. झोळ सुरेख दिसू लागला, पण त्या ताणाने चाकांचे आर्म (चाक हलला जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) किंचित वर ओढले जात आहेत हे माझ्या लक्षात यायला हवे होते. पट्टा पुढचे आयडलर (पट्टा वळवणारे मोकळे चाक) आणि मागचे दातेरी चाकही एकमेकांकडे खेचत होता.

दुसऱ्या दिवशी वॉश, म्हणजे खाचांत उतरून त्या उठावदार करणारा अगदी पातळ रंग, दिला. ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, आणि पातळ करण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन. टरेट आणि वरच्या भागावर आधी ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक वार्निश) मारलेले होते. खालचा भाग चाकांमागे झाकला जाणार म्हणून तिथे ग्लॉस मारला नाही, आणि वॉशही बारीक ब्रशने रेघेत न लावता सढळ हाताने ओतल्यासारखा लावला.

दोन दिवसांनी रात्री टेबलावर दुसरे काम करत असताना 'टक्' असा बारीक आवाज आला. पाहिले तर डावीकडचे तिसरे चाक कललेले होते. भिंगातून पाहिल्यावर आर्म हलला जिथे जोडला जातो तिथेच सरळ, स्वच्छ तुटलेला दिसला. तुटलेल्या तोंडावर प्लास्टिक पांढरट झाले होते, आणि शेजारच्या दुसऱ्या आर्मवरही त्याच जागी केसाएवढी रेघ उमटली होती. टरेट उचलून आत नाक नेले तर दोन दिवसांनंतरही टर्पेंटाइनचा उग्र वास येत होता. हलच्या तळाच्या भोकांतून वॉश आत झिरपून कोपऱ्यात साचला होता.

माझा निष्कर्ष असा आहे की ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरिनमध्ये (किटच्या प्लास्टिकमध्ये) टर्पेंटाइन शिरले आणि प्लास्टिक ताणाच्या रेषेवर फाटले. याला आधार असा की उजव्या बाजूला पट्टा अजून बसवलेलाच नाही, तिकडेही तोच वॉश तितकाच लावलेला आहे, आणि तिकडचा एकही आर्म तडकलेला नाही. त्यामुळे किटमध्ये दोष आहे असे मला वाटत नाही.

आता माझे प्रश्न. आर्मची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर आहे. तुटलेल्या दोन्ही तोंडांत अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून पितळी तार घालावी आणि फेविक्विकने बसवावी, असा माझा विचार आहे. इतक्या बारीक आर्ममध्ये हे कोणी केले आहे काय, आणि भोक मध्यावर राहावे यासाठी काय करता? ज्या आर्मवर नुसती रेघ आहे त्याला द्रव सिमेंट लावल्यास फट मिटेल की आणखी विरघळून नरम पडेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टर्पेंटाइन प्यालेले बाकीचे आर्म आज धड दिसत असले तरी पुढे महिन्याभराने तडकण्याची शक्यता कितपत असते?

दुसरा बिघाड मॅट वार्निशचा आहे. जुलैच्या मध्यात, बाहेर तीन दिवस संततधार चालू असताना, मी टरेटवर लॅकर प्रकारचे मॅट क्लिअर मारले आणि वाळल्यावर टरेटच्या उजव्या अंगावर पिठूळ पांढरा थर आला. बाटली हलवली होती, पण तळातला साका काडीने ढवळला नव्हता. दमट हवेमुळे हे झाले, की मॅट करणारी पूड नीट न मिसळल्यामुळे, हे कसे ओळखावे? तो थर खालचे वेदरिंग (वापराच्या व मळाच्या रंगवलेल्या खुणा) न बिघडवता काढता येईल काय?

तिसरी बाब मला सर्वांत जास्त छळते आहे. धूळ म्हणून मी कासच्या रस्त्याकडेची जांभ्याची लाल माती आणली होती. ती वाळवून, कुटून, मलमलीतून दोनदा गाळली आणि फेंडरवर (पट्ट्यावरच्या पत्र्यावर) व चाकांवर लावली. मॉडेल तात्यांना दाखवले तेव्हा त्यांनी ते हातात न घेता, मान तिरकी करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गाडी बरोबर आहे, माती आपली आहे." त्यांनी सांगितले की तिकडची धूळ फिकट, पिठासारखी असे, पिवळसर करडी, ती भुवयांवर बसे आणि पाणी लागले की एकदम गडद होई. काळ्या रानातली आमची कृष्णाकाठची मातीही त्या कामाची नाही. याशिवाय त्यांनी जागा दाखवल्या: एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर मागच्या बाजूला असल्यामुळे काजळी तिथेच हवी, उजवीकडे नको, उजव्या फेंडरवरच्या चपट्या इंधनटाक्यांच्या झाकणांभोवती डिझेल सांडून ओलसर काळपट डाग पडतो आणि त्याला धूळ चिकटून बसते, आणि चालकाचे झाकण पुढे डावीकडे असल्याने तिथली कड बुटांनी घासून गुळगुळीत होते, तिथे धूळ राहतच नाही. हे सर्व मी वहीत चित्र काढून लिहून ठेवले आहे. परंतु तो फिकट रंग साताऱ्यात मिळणाऱ्या वस्तूंतून कसा साधावा, आणि वार्निश मारल्यावर पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) गडद होते ते कसे टाळावे, हे मला कळत नाही. तयार पिगमेंटच्या बाटल्या पुण्या-मुंबईहून मागवता येतात, पण शक्य असेल तर मला मिश्रण स्वतः करून तात्यांना त्यातल्या त्यात जवळचा रंग निवडू द्यायचा आहे.

भर, बारा दिवसांनंतर:

आपण दिलेल्या उत्तरांबद्दल मनापासून आभार. त्यांतले जे करून पाहिले त्याची नोंद इथे ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

सर्वप्रथम, सांगितल्याप्रमाणे डाव्या बाजूचा पट्टा काढून टाकला. टरेट बाजूला ठेवून हल उघडाच पंख्याखाली चार दिवस ठेवला आणि तळाला, बाहेरून दिसणार नाहीत अशी दोन भोके पाडली. वास गेल्यानंतरच पुढच्या कामाला हात घातला. पितळी तारेचा उपाय उत्तम ठरला. भोक मध्यावर येण्यासाठी एकाने सुचवलेली युक्ती अशी होती की एका तोंडात तार बसवून तिचे टोक किंचित बाहेर ठेवावे, टोकाला रंगाचा ठिपका लावावा आणि दुसरे तोंड त्यावर अलगद टेकवावे. ठिपका जिथे उमटेल तिथे हातड्रिलने भोक. पहिल्याच प्रयत्नात चाक सरळ उभे राहिले. रेघ पडलेल्या आर्मला द्रव सिमेंट न लावता मागच्या बाजूने फेविक्विकचा थेंब सुईच्या टोकाने सोडला.

पट्ट्याबाबत मी निर्णय बदलला आहे. व्हिनाइलचा पट्टा पुन्हा ताणून बसवण्याऐवजी सुटे दुवे जोडून केलेला प्लास्टिकचा पट्टा घेतला. एका बाजूला ९० च्या आसपास दुवे आहेत आणि प्रत्येकाची मोल्डिंगची खूण घासावी लागते, त्यामुळे एक बाजू करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. परंतु सिमेंट अर्धवट ओले असतानाच पट्टा चाकांवर घालून झोळ देता येतो आणि वाळल्यावर तो कशावरही ताण न देता तसाच राहतो. जिथे पट्टा जमिनीला लागतो त्या कडांवर ६बी पेन्सिल घासली; घासल्या गेलेल्या पोलादाची चकाकी रंगापेक्षा पेन्सिलनेच खरी दिसते.

पांढऱ्या थरावर ग्लॉस क्लिअरचा एक हलका हात मारताच तो जवळपास नाहीसा झाला. ती पूड होती की दमटपणा, हे तरीही निश्चित ठरले नाही, पण मॅट पुन्हा मारताना मी दोन्हींची काळजी घेतली: साका काडीने पाच मिनिटे ढवळला, कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप लावला, आणि पाऊस उघडलेल्या दुपारी दिवा लावून कोरड्या केलेल्या खोलीत काम केले. थर आला नाही. कानाच्या काडीने टर्पेंटाइन लावून थर पुसण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो मात्र मी टाळला.

धुळीसाठी मुलतानी मातीची सूचना आली आणि ती मला फार पटली, कारण ती किराणा दुकानात मिळते आणि मुळातच पिवळसर फिकट आहे. चार भाग मुलतानी माती, एक भाग करड्या पेस्टल खडूची पूड आणि चिमूटभर चुलीतली राख, हे मूळ मिश्रण धरून थोड्या वेगवेगळ्या प्रमाणांचे तीन नमुने मी ऑलिव्ह ग्रीन रंगवलेल्या जुन्या स्प्रूंवर (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या तुकड्यांवर) लावून तात्यांसमोर ठेवले. त्यांनी दोन बाजूला सारले आणि तिसऱ्यावर बोट ठेवले. त्यात राख किंचित जास्त होती.

आता एकच शंका उरली आहे. ही पूड मॅट वार्निशनंतर, सर्वांत शेवटी लावायची असे ठरवले आहे, म्हणजे ती गडद होणार नाही. पण ती फेंडरच्या कोपऱ्यांत बसून राहावी यासाठी पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा थेंब टाकून ब्रशने सोडणे पुरेसे आहे काय? औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल लवकर सुकते हे खरे, परंतु खालचा अॅक्रिलिक रंग त्याने नरम पडतो, असा माझा स्प्रूवरचा अनुभव आहे. चालकाच्या झाकणाची कड आणि डाव्या फेंडरवरची काजळी मी त्यानंतरच करणार आहे, म्हणून या एका बाबतीत ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. तोवर उजव्या बाजूच्या पट्ट्याचे दुवे घासायला घेतले आहेत.