एअरसॉफ्टच्या स्लाइडवर टूथपेस्ट घासायला सांगणाऱ्यांना

होटगीरोडवाला:
काल इथं एकाने सल्ला दिलाय की मेटल एअरसॉफ्ट पिस्तुलावर (प्लास्टिकचे छर्रे मारणारं खेळण्यातलं पिस्तूल) बारीक चरे पडले तर टूथपेस्ट नाहीतर भांड्याची पावडर लावा, फडक्याने घासा, दोन मिनिटांत नव्यासारखं. वाचून डोकंच फिरलं. हेच मी दिवाळीत केलं, आणि स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, रुपयाएवढा पांढरा डाग पडला तो अजून तसाच आहे. अहो, चरा रंगात असतो, धातूत नसतो! स्वस्तातल्या बहुतेक पिस्तुलांची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, वर काळ्या रंगाचा पातळ थर. तुम्ही घासता तेव्हा चरा जात नाही, आजूबाजूचा रंग जातो. ॲल्युमिनियमची ॲनोडाइज्ड (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवलेली) असेल तर तो थर बऱ्याचदा रंगापेक्षाही पातळ, गेला की गेला. आधी नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर ते बऱ्याचदा होल्स्टरचं (पिस्तूल ठेवायच्या म्यानाचं) नाहीतर दुसऱ्या धातूचं नुसतं घासल्याचं निशाण असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसलं की जातं. अडकलं तर तेलकटपणा काढा, मॅट काळा मॉडेल पेंट टूथपिकच्या टोकावर घ्या आणि फक्त चऱ्यात सोडा. पातळ, दोन-तीन वेळा, मधे पूर्ण वाळू द्या. तोंडाशी नारिंगी रंग असेल तर तो मात्र झाकू नका, रस्त्यावर पोलिसाला लांबून कळणार कसं की खेळणं आहे.

विजापूरवेस:
तो सल्ला माझाच आहे आणि मी खोटं लिहिलेलं नाही. माझं सिल्व्हर आहे, टूथपेस्टनं घासलं, चरे गेले, आजही आरशासारखं चमकतंय. तुमचा हात जड पडला त्याला मी काय करू?

होटगीरोडवाला:
तुमच्या सिल्व्हरवर रंगच नसेल तर जाणार काय! हे आधी लिहायचं होतं ना. काळंवाल्यांनी वाचून घासलं त्याचं काय?

लूमदुरुस्ती:
एवढं कशाला बे. आम्ही लूमचे पार्ट काळे करतो तसं करा, गॅसवर तापवायचं आणि जळक्या तेलात बुडवायचं, काळंभोर होतं, वर्षानुवर्षं गंज नाही. ३० वर्षं करतोय.

सातरस्ता:
काका, हात जोडतो, हे कुणी करू नका. लूमचा पार्ट पोलादाचा असतो, तो काळा होतो. हे जस्ताचं मिश्रण ४०० डिग्रीच्या आतच वितळतं, त्याच्या आधीच वाकडं होईल. आधी साधं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद, त्यावर कोल्ड ब्लूइंग (न तापवता पोलाद काळं करायचं औषध) चालतं. नाही चिकटलं तर बहुतेक जस्त नाहीतर ॲल्युमिनियम, तिथं पोलादाचं ब्लूइंग धरत नाही. ॲल्युमिनियम काळं करायचं औषध वेगळं मिळतं, ते हातमोजे घालूनच लावायचं.

लूमदुरुस्ती:
बरं. पोलादाचं म्हणून सांगितलं होतं मी. चुंबकाचं बरोबर आहे तुझं.

गड्ड्याचापोरगा:
तुम्ही सगळे चरे घालवायच्या मागे का लागलाय तेच कळत नाही. माझ्या वडिलांचा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, फुगे फोडायचा स्टॉल असायचा. तीन एअर रायफली. रोज रात्री स्टॉल बंद झाला की धूळ पुसून, जुन्या बनियनच्या चिंधीवर मशीनचं तेल घेऊन नळीवर हात फिरवायचे, घामाचा हात लागला की गंज धरतो म्हणायचे. डाव्या हाताची पकड असायची तिथलं ब्लूइंग पूर्ण उडून नळी पांढरी झाली होती, चार बोटांच्या चार जागा वेगळ्या दिसायच्या. कुणी म्हणालं रंग मारू, तर वडील मारू द्यायचे नाहीत.

विजापूरवेस:
गड्ड्यातल्या बंदुकांचं नाव काढू नका. नळीवरची नेम धरायची माशी मुद्दाम वाकवलेली असायची. लहानपणी दहा रुपये घालवले मी, एक फुगा फुटला नाही.

गड्ड्याचापोरगा:
जपून बोला. हजार हात लागतात, पोरं रायफल टेबलावर आपटतात, माशी सरकते. वडील रोज दुपारी स्वतः पाच छर्रे मारून बघायचे, मी फुगे लावायला शेजारी उभा असायचो. यात्रा संपली तेव्हा त्यांचा खांदा उचलत नव्हता, दिवसभर बिजागरीवर नळ्या खाली मोडून छर्रे भरून. आणि तुम्ही त्यांना लबाड म्हणताय.

विजापूरवेस:
तुमच्या वडिलांना नाही म्हणालो. सगळे तसे नसतीलही.

गड्ड्याचापोरगा:
"नसतीलही" नाही. नव्हते.

चाटीगल्ली:
पाचही छर्रे लागायचे का हो त्यांचे?

गड्ड्याचापोरगा:
चार तरी लागायचेच. एका रायफलचा नेम दोन बोटं डावीकडे जायचा, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे. ती रायफल अजून घरी आहे, दर संक्रांतीला तेल लावतो.

विजापूरवेस:
मला कुणी सांगितलं नव्हतं दोन बोटं डावीकडे. पण तुमचे वडील सांगत असतील तर माझं चुकलं, शब्द मागे घेतो. दहा रुपयांचं दुःख मात्र खरं आहे.

होटगीरोडवाला:
दादा, तुमच्या वडिलांच्या रायफलचं समजलं, ते पोलाद, रोजच्या हाताने झिजलेलं, तसंच ठेवा. माझ्या पिस्तुलाला हाताची झीज नाही, कपाटातून पडून आलेला ओरखडा आहे, तो मला रोज दिसतो आणि टोचतो. म्हणून घालवायच्या मागे होतो. आणि तेल लावायचं असेल तर एअरसॉफ्टला सिलिकॉन तेल लावा, आत रबरी रिंगा असतात, मशीनच्या तेलाने त्या फुगू शकतात.

सातरस्ता:
चुंबक लावलंस का तुझ्यावर?

होटगीरोडवाला:
आत्ता लावलं, फ्रिजवरचं काढून. चिकटत नाही. स्क्रूला मात्र टक्कन बसलं. रविवारी काळा रंग आणतो, त्या पांढऱ्या डागावर पण लावून बघतो.

विजापूरवेस:
माझ्या सल्ल्यात "फक्त बिनरंगाचं सिल्व्हर" असं वर घातलंय. बघा एकदा.