डोंबिवली-सीएसएमटी रोजचा प्रवास, नुकतंच सुरू झालेलं ३०/७० इन्सुलिन: पेन, वेळ आणि गाडीत शुगर लो

डोंबिवलीकर_४७:
नमस्कार मंडळी. नवीन आहे, म्हणून आधी लागणारी माहिती देतो. टाइप २ मधुमेह, नऊ वर्षं गोळ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.४ आल्यामुळे डॉक्टरांनी ३०/७० मिक्स इन्सुलिन पेन दिलंय, सकाळी १६ आणि रात्री १० युनिट. ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज चालू आहे. सकाळी साडेसहाला इंजेक्शन, ७:१० ची गाडी आणि नाश्ता फोर्टला ऑफिसात नऊच्या सुमाराला. तीन प्रश्न आहेत. १) या वेळा बरोबर आहेत का? २) उभ्या गर्दीत शुगर खाली गेली तर काय करायचं? ३) पेन बॅगेत ठेवलं तर खराब होतं का? गाडीतले बरेच जण सांगतात की खिशात दोन चॉकलेटं ठेवा, पुरे.

गोखले_रोड:
डोंबिवलीकर दादा, स्वागत. औषधांची नावं, डोस आणि वेळा सगळं लिहिलंत म्हणून नेमकं सांगता येतं.

तुमचा खरा धोका पहिल्याच प्रश्नात आहे. ३०/७० मधला ३० टक्के भाग साध्या इन्सुलिनचा. तो अर्ध्या तासात काम सुरू करतो आणि दोन-तीन तासांनी सगळ्यात जोरात असतो. साडेसहाला टोचलंत तर सात वाजता सुरुवात, आणि ठाणं सोडून दादरकडे जाईपर्यंत तो चढत जाणार. पोटात काहीच नाही, त्यात तास-सव्वा तास उभं राहणं. डोस जास्त नसला तरी शुगर पडेल, कारण ते इन्सुलिन नाश्त्यासाठी दिलंय आणि नाश्ता अडीच तासांनी होतोय.

दोन मार्ग आहेत. सव्वासहाला इंजेक्शन घेऊन पावणेसातला घरीच दोन पोळ्या-भाजी किंवा भरपेट उपमा खा. नाहीतर पेन सोबत न्या, ऑफिसला पोचल्यावर साडेआठला घ्या आणि नऊला नाश्ता करा. दुसरा मार्ग निवडलात तर रात्रीचा डोसही साधारण तेवढाच पुढे सरकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून ठरवा. नियम एकच: अन्न समोर येणार याची खात्री असल्याशिवाय सुई टोचायची नाही. गाडी ऑफिसच्या वेळेला पोचेल हे गृहीत धरून घरी टोचणं म्हणजे खात्री नव्हे.

उरलेला ७० टक्के भाग संथ इन्सुलिनचा. तो साधारण चार तासांनंतर जोर धरतो आणि दुपारभर चालतो. म्हणजे जेवणाचा डबा एकच्या जागी अडीचला उघडलात तर तेव्हाही शुगर खाली जाऊ शकते. मीटिंग लांबणार असेल तर आधी फळ किंवा मूठभर फुटाणे खाऊन घ्या.

शिवडी_फार्मसी:
गाडीतल्या चॉकलेटबद्दल आधी. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि तुमच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, जी बहुतेकांना कोणी सांगत नाही: व्होग्लिबोज. ही गोळी आतड्यात साखर फोडणाऱ्या एन्झाइमला अडवते. त्यामुळे साधी साखर, गूळ, आंब्याचं पॅकबंद पेय, पेढा, यांतलं काहीच वेळेवर चढत नाही. तुम्हाला ग्लुकोजच लागतं, कारण ते फोडावं लागत नाही. मेडिकलमध्ये ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या मागा आणि पाकिटावरचे घटक वाचा. काही चवीच्या पावडरींत ग्लुकोजसोबत साखरही असते.

पावडर आधीच मोजून ठेवा. १५ ग्रॅम म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे. घरच्या काट्यावर एकदा तोलून बघा, चमचे सारखे नसतात. १५-१५ ग्रॅमच्या तीन छोट्या झिपच्या पिशव्या करा. पावसाळ्यात पावडर दगडासारखी होते, म्हणून दुहेरी पिशवी वापरा आणि पंधरा दिवसांनी बदला. एक शर्टाच्या वरच्या खिशात, दोन बॅगेत. रॅकवर टाकलेली बॅग गर्दीत तुमच्या हाताला लागत नाही, आणि हात थरथरत असताना तर नाहीच.

७० च्या खाली म्हणजे लो. मीटर काढायला जागा नसेल तर मोजण्यात वेळ घालवू नका. पावडर जिभेवर टाका आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळा. १५ मिनिटांनी परत तपासा किंवा लक्षणं बघा, फरक नसेल तर पुन्हा १५ ग्रॅम. शुगर वर आली आणि पुढचं जेवण तासाभरापेक्षा लांब असेल तर पोळी किंवा बिस्किटं खा, नाहीतर परत खाली जाते.

गोखले_रोड:
यात एक भर. डब्यात सगळ्यांनाच घाम येतो, त्यामुळे घाम ही खूण मे महिन्यात उपयोगाची नाही. बोटांची थरथर, ओठांभोवती मुंग्या, कारण नसताना चिडचिड, उतरायचं स्टेशन क्षणभर न आठवणं, या खुणा पकडा. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, हेही डॉक्टरांना विचारा.

खिशात कार्ड ठेवा, मराठीत आणि हिंदीत: ‘मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. गोंधळलेला दिसलो आणि गिळता येत असेल तर खिशातलं ग्लुकोज द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.’ खाली घरचा नंबर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर कोंबली की ती श्वासनलिकेत जाते. लोक चांगल्या मनाने नेमकं हेच करतात, म्हणून ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. रेल्वेची हेल्पलाइन १३९. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढली तर जिथे मदत नाही तिथेच गाडी थांबते, पुढच्या स्टेशनवर उतरवणं बरं.

डोंबिवलीकर_४७:
व्होग्लिबोजचं खरंच माहीत नव्हतं, आजच ग्लुकोज आणतो. ऑफिसमध्ये घ्यायचं ठरलं तर पेन कसं न्यायचं? घरचे म्हणतात बर्फाच्या पॅकमध्ये. आणि पेन अडकलं तर सिरिंजने काढून घेता येईल का?

शिवडी_फार्मसी:
बर्फाला पेन चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी कामाचं राहत नाही. न उघडलेली पेनं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत, फ्रीझरच्या खाली चिकटून नाही आणि दारातही नाही. चालू पेन ३० अंशांच्या आत बाहेर चालतं, प्रकाराप्रमाणे साधारण ४ ते ६ आठवडे. नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर असतात. उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून पेनला चिकटवा.

एप्रिल ते जून प्रवासासाठी रुंद तोंडाचा छोटा स्टीलचा थर्मास घ्या. रात्री त्यात गार पाणी भरून ठेवा, सकाळी ओतून कोरडा पुसा आणि पेन रुमालात गुंडाळून आत घाला. पाण्यात भिजवायच्या पाऊचवर मुंबईत फार भिस्त ठेवू नका. ते बाष्पीभवनावर गार होतात आणि इथल्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. पँटच्या खिशात अंगाची ऊब लागते, आणि स्टेशनबाहेर उभ्या स्कूटरच्या डिकीत तर पेन कधीच नाही.

सिरिंजचं मात्र नीट वाचा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं १०० युनिट प्रति मिली, त्याची सिरिंज केशरी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजवर १६ ची खूण म्हणजे ०.४ मिली. पेनच्या कार्ट्रिजमधून (आतल्या इन्सुलिनच्या नळीतून) तेवढं ओढलंत तर ४० युनिट अंगात जातील, अडीचपट. त्यामुळे पेनमधून सिरिंजने काढायचंच नाही. एक जादा पेन घरी आणि सुयांची एक पट्टी ऑफिसच्या खणात ठेवा.

भांडुप_पूर्व:
मिक्स इन्सुलिनमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते ढवळणं. पेन आडवं धरून तळहातांमध्ये १० वेळा फिरवा, मग १० वेळा वर-खाली उलटवा. आतला काचेचा मणी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसला पाहिजे. सगळं एकसारखं दुधाळ झालं की थांबा. तळाशी पांढरा थर राहिला तर आज एक ताकद आणि उद्या दुसरी, आणि लोक डोसला दोष देतात. काचेला कण चिकटलेले दिसले तर ते पेन टाकून द्या. १२ युनिटपेक्षा कमी उरलं की मण्याला फिरायला जागा नसते, नवीन घ्या.

दर वेळी नवी ४ मिमी सुई. २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आला की मगच डोस फिरवा. पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून, कालच्या जागेपासून बोटभर तरी लांब. बटण पूर्ण दाबल्यावर १० सेकंद मोजून सुई काढा. लगेच काढलीत तर टोकावर थेंब लोंबतो, तो तुमचाच डोस. एकाच जागी टोचत राहिलात की तिथे मऊ गाठ होते. दुखत नाही म्हणून तिथेच टोचावंसं वाटतं, पण तिथलं इन्सुलिन कधी चढतं, कधी नाही.

सुई लावून पेन बॅगेत टाकू नका. उष्णतेने गळतं आणि हवा शिरते. वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड बाटलीत टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर ‘सुया’ लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरच्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओल्या-सुक्या डब्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात.

गोखले_रोड:
पावसाळ्याआधी एवढं करा. रुळांवर पाणी साचून गाडी तीन तास अडकली तर पोटात काही हवं: ग्लुकोजच्या तीन पुड्या, शिवाय दोन पोळ्यांची गुंडाळी आणि फुटाणे, हे सोबत कायम. आणि साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी पोचल्याबरोबर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळव्याखाली आरसा धरून जखम बघा. संवेदना कमी झालेल्या पायाला काच लागलेली कळत नाही. जखम असो वा नसो, लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा.

डोंबिवलीकर_४७:
उद्यापासून सव्वासहाला इंजेक्शन, पावणेसातला घरीच नाश्ता. दुपारी एकला आणि रात्री जेवणाआधी शुगर तपासून आठवड्याचे आकडे इथे टाकतो.

भांडुप_पूर्व:
आकड्यांसोबत काय खाल्लं आणि किती वाजता, तेही लिहा. दोन-तीन दिवस पहाटे तीनलाही तपासा, रात्रीचे १० युनिट तेव्हा काय करतायत ते त्याशिवाय दिसत नाही.