१४ एप्रिल १९४४ : चिमठाणे, मुंबईची गोदी आणि ‘नियतीचा संकेत’

निवृत्त मास्तर, शिंदखेडा तालुका

काल सकाळपासून एकच मजकूर मला सात जणांनी पाठविला, आणि त्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही असल्यामुळे हे लांबलचक उत्तर लिहिणे भाग पडले. शीर्षक आहे ‘दिनविशेष : १४ एप्रिल’. १८६५ साली लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी, १९१२ साली हिमनगावर आदळलेले टायटॅनिक आणि १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट अशी एक माळ ओवून शेवटी लिहिले आहे की, ‘त्याच दिवशी आपल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. एकाच दिवशी इंग्रजांना दोन तडाखे, हा नियतीचाच संकेत!’

माझा राग या शेवटच्या वाक्यावर आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याची लूट नियतीने घडविली नाही, माणसांनी घडविली. डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई यांच्या भूमिगत जाळ्याने आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातून आलेल्या जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी पैसा चळवळीसाठी मिळविला. गोदीत काय घडले? ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटके आणि कापसाच्या गाठी शेजारीशेजारी भरल्या होत्या. दुपारी आग लागली आणि चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, आणि म्हणूनच हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याच माणसांच्या मरणाला इंग्रजांवरचा तडाखा म्हणणाऱ्याला इतिहास कळतो, असे मी मानणार नाही.

पांझराकाठ

मास्तर, आपला राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतो आहे. तो मजकूर लिहिणारा मीच. माझा मुलगा पुण्याला शिकतो. त्याने आयुष्यात प्रथमच मला फोन करून विचारले की, ‘बाबा, चिमठाणे म्हणजे आपल्या दोंडाईच्याच्या वाटेवरचेच ना?’ मी त्या रस्त्याने एस.टी.ने शेकडो वेळा गेलो आहे आणि स्मारकापाशी एकदाही उतरलो नाही, हे मला त्या फोननंतर लाज वाटून आठवले. टायटॅनिक नसते तर त्याने तो मजकूर अर्ध्यावर टाकून दिला असता.

योगायोगाला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे सांगावे. नंदुरबारचा बालहुतात्मा शिरीषकुमार याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. त्याच्या बरोबर दहाव्या वाढदिवशी फैजपूरला ग्रामीण भागातले काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरलेले होते, आणि पुढे १९४२ साली ‘चले जाव’ला ९ सप्टेंबर रोजी नेमका महिना झाला, त्याच दिवशी नंदुरबारला त्याला गोळी लागली. सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. या तारखा एकमेकींना बांधल्या की मुलांच्या लक्षात राहतात. आपण शाळेत सनावळ्या घोकून घेत होतात, तेव्हा किती जणांच्या लक्षात राहिल्या?

पंचांगवाला, शहादा

दोघेही मूळ प्रश्नाला बगल देत आहात. ‘त्याच दिवशी’ म्हणजे कोणत्या दिवशी? टायटॅनिक हिमनगावर आदळले ते तिथल्या घड्याळाने रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे १५ एप्रिलची सकाळ उजाडली होती. लिंकन यांना गोळी लागली तीही रात्रीच, म्हणजे तेव्हाही आपल्याकडे पंधरा तारीखच होती. तुमच्या माळेतले दोन मणी इथेच गळून पडले.

माझ्या आजीला तारीख ठाऊक नव्हती. खजिन्याच्या लुटीबद्दल ती एवढेच सांगे की, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा-बारा दिवसांवर आली होती आणि माळवदावर कुरडया वाळत होत्या. मी पंचांग काढून पाहिले, तर तो चैत्र वद्य पक्ष होता आणि हिशेब बरोबर जुळला. आपली माणसे आखाजी, कानबाई आणि पोळा यांवरून काळ मोजत होती. ही तारीख साहेबाची आहे, तेव्हा स्मरणदिन तिथीनेच पाळावेत.

अभियंता, जळगाव

अखेर तिथीचा वाद आलाच. पंचांगवाले अप्पा, अधिक महिना आला की आपली आखाजीही कधी एप्रिलमध्ये तर कधी मेमध्ये जाते. तेव्हा शाळेने सुट्टी कधी द्यायची आणि हार कधी आणायचा? माझ्या वडिलांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, कारण आजोबांनी ‘पोळ्याच्या आसपास’ असे सांगितले आणि हेडमास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून टाकली. त्यामुळे वडील दोन-अडीच महिने आधीच निवृत्त झाले. ते नुकसान कोणत्या तिथीने भरून दिले?

पंचांगवाला, शहादा

नुकसान तिथीने केले नाही, तारखेच्या हट्टाने केले. आणि तारीख तरी कुठे स्थिर आहे? छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा म्हणतात, ती ज्यूलियन तारीख आहे. आज आपण जी दिनदर्शिका वापरतो, तिच्याप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. फाल्गुन वद्य तृतीया मात्र दोन्हीकडे तीच राहते. इंग्लंडने १७५२ साली दिनदर्शिका बदलली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. रशियाची ऑक्टोबर क्रांती तर नोव्हेंबरात साजरी होत असे.

अभियंता, जळगाव

गणित बरोबर आहे, हे मान्य करतो आणि त्याबद्दल आपला जाहीर सत्कारही व्हावा. पण शिवजयंतीचा जुना वाद इथे उकरून आपण चिमठाण्याचा विषय पुरता बुडविला आहे. तिथीचा अभिमान एवढा असेल, तर आपले निवृत्तिवेतनही पौर्णिमेला घेत चला.

पंचांगवाला, शहादा

मी शेतकरी आहे. मला निवृत्तिवेतन नाही. चेष्टा करण्याआधी समोरचा कोण आहे, हे पाहावे.

अमळनेरची लेक

भाऊ आणि अप्पा, थोडे थांबावे. माझे आजोबा त्या दिवशी गोदीत हमाल होते. गावी कोरडवाहू चार बिघे जमीन आणि सहा भावंडे, म्हणून ते मुंबईला गेले होते. दुसरा स्फोट झाला तेव्हा ते फाटकाबाहेर होते, म्हणून वाचले. त्यानंतर उजव्या कानाने त्यांना कधीच ऐकू आले नाही, आणि दिवाळीत फटाका वाजला की ते उठून गोठ्यात जाऊन बसत. पोरे हसत असत, मीही हसले आहे. जहाजावर कापूस होता, हे ते कायम सांगत. आपल्या घरी कापूस वेचायला बसलेल्या बायांना ते म्हणत की, ‘हाऊ धोया दिसस, पन पेटना म्हंजे कोनालेच वयखत नही.’ म्हणजे, हा पांढरा दिसतो, पण पेटला की कोणालाच ओळखत नाही.

मास्तरांचे म्हणणे मला पटते, पण त्यांनीही चिमठाण्याला पराक्रम आणि गोदीला अपघात असे दोन कप्पे करून आजोबांना दुसऱ्या कप्प्यात ढकलून दिले, ते मला टोचले. स्फोटके आणि कापूस एका जहाजात भरणाऱ्या आणि तेच जहाज भर वस्तीच्या गोदीत उभे करणाऱ्या सरकारविरुद्धच उत्तमराव लढत होते. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध आहे, फक्त तो नियतीचा नाही.

धुळेकर वाचक

ताईंनंतर बोलणे अवघड आहे, तरी एक सांगतो. १४ एप्रिलच्या यादीत बाबासाहेबांचा १८९१ चा जन्म नव्हता, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले, कारण आमच्या गल्लीत त्या दिवशी दुसरे काही सुचतच नाही. बाबासाहेब १९३७ साली लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहून गेले, आणि दरवर्षी ३१ जुलैला लोक पावसात तिथे जातात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. तिथे तिथी की तारीख असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पांझराकाठ

बाबासाहेबांचे नाव राहिले, ही चूक माझीच. ‘नियतीचा संकेत’ आणि ‘दोन तडाखे’ हे शब्द काढून टाकतो. टायटॅनिक मात्र ठेवणार आहे, कारण मुलाने त्याच्यामुळेच पुढे वाचले. ताई, आपल्या आजोबांबद्दल दोन ओळी आपली हरकत नसेल तर घालू का?

निवृत्त मास्तर, शिंदखेडा तालुका

ताई म्हणतात ते कप्पे मी केले होते, आणि ते मला त्यांनी दाखवेपर्यंत दिसले नव्हते. टायटॅनिकबद्दलचे माझे मत अजूनही तेच आहे, तरी पांझराकाठ यांनी पुढच्या वेळी चिमठाण्याला उतरावे. मी थांब्यावर उभा राहीन.

पंचांगवाला, शहादा

मीही येतो. मात्र चैत्र वद्यात.

अमळनेरची लेक

घाला दोन ओळी. नाव घालू नका, फक्त ‘एक हमाल’ असे लिहा.