मदत हवी आहे : जीएनएमनंतर आधी पदवी की आधी आयसीयू?

नमस्कार मंडळी, प्रश्न धाकट्या बहिणीसाठी आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय, नर्सिंग कौन्सिलकडे आरएन-आरएम (नर्स आणि सुईण म्हणून) नोंदणी आहे, सध्या जनरल वॉर्डात ड्यूटी. पुढे क्रिटिकल केअरमध्येच, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या सेवेत जायचं हे नक्की.

एक वाट दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची, म्हणजे जीएनएमनंतरच्या नर्सिंग पदवीची. पदवी हातात आली की एम.एस्सी. आणि क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर, दोन्ही अभ्यासक्रमांसाठी अर्ज करता येतो. दुसरी वाट एक वर्षाच्या क्रिटिकल केअर डिप्लोम्याची. त्याच्याही नावात ‘पोस्ट बेसिक’ असतं, पण तो पदवीच्या जागी चालत नाही. प्रवेश मिळवून देणारे एजंट हा फरक सांगत नाहीत, म्हणून माहितीपत्रकात ‘बी.एस्सी.’ शब्द आहे का ते आधी बघा, असं मी सगळ्यांनाच सांगेन.

अडचण अशी की पदवी पूर्णवेळ आहे, नोकरी सोडावी लागेल. एम.एस्सी.ला लागणारा एक वर्षाचा अनुभव पोस्ट बेसिकच्या आधीचाही धरतात, तो प्रश्न नाही. पण व्हेंटिलेटरचे अलार्म, एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट, इन्फ्युजन पंपावर इनोट्रोपचा (हृदयाचं आकुंचन वाढवणाऱ्या औषधाचा) डोस कमी-जास्त करणं, हा हात आयसीयूतच बसतो.

आयसीयूत काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरना विचारायचंय : आधी वर्षभर आयसीयू करून मग पदवी घेतली तर मधल्या दोन वर्षांत हात कितपत सुटतो? अनुभवपत्रावर विभाग, पद, तारखा यांशिवाय बेडसंख्याही लिहून घ्यावी का? आणि मुलाखतीत डिप्लोम्याला खरंच वजन मिळतं का?